पंखांची पाकिटं

ओरोनो, मेन, अमेरिका
ऑक्टोबरअखेर

ती. आई-बाबांना सा. न.

तब्येत उत्तम आहे, जेवण वेळेवर होतं, थंडीचे कपडे भरपूर आहेत. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

बाबा, तुम्हाला काळजी वाटते तशी मी शिकाऱ्यांबरोबर फिरत नाही. माझं काम वुडकॉक नावाच्या पक्ष्याच्या अभ्यासाचं, तेही रात्रीचं, आणि सूर्य मावळल्यावर वुडकॉक मारायला कायद्याने बंदी आहे. अंधार पडला की हे पक्षी झाडीतून उठून कुरणात येऊन बसतात. आम्ही चौघं दिवा घेऊन जातो, झोतात दबून बसलेला दिसला की लांब दांड्याची जाळी टाकतो, पुढे कुठे जातो ते कळवणारा काही ग्रॅमचा ट्रान्समीटर बांधून सोडून देतो. एकटी कधीच नसते. गोचिडांसाठी कपड्यांना औषध लावलेलं असतं. अस्वलं आहेत, पण तीच आम्हाला टाळतात.

पक्षी मोठा गमतीचा. पाणलाव्याच्या जातकुळीतला, वाळक्या पानांच्या रंगाचा, डोळे इतके मागे सरकलेले की पाठीमागचंही दिसतं. परवा हातातल्या मादीने लांब चोच मिटलेलीच ठेवून वरचं नुसतं टोक उचललं. चिखलातलं गांडूळ ती अशीच पकडते.

आता शिकाऱ्यांचं. आजीला हे वाचून दाखवू नका, माळ घातलेली आहे तिने. इथे सरकार काही शिकाऱ्यांना टपालखर्च भरलेली पाकिटं पाठवतं. त्यांनी मारलेल्या प्रत्येक वुडकॉकचा एक पंख त्यात घालून पोस्टात टाकायचा! सक्ती नाही, तरी लोक पाठवतात. मग जाणकार एकत्र बसून पंख निवडतात. बाहेरची तीन पिसं अरुंद असली तर नर, रुंद असली तर मादी. पिसांच्या रंगावरून आणि झिजेवरून पक्षी यंदाचा की जुना तेही कळतं. एका मादीमागे यंदाची पिल्लं किती, यावरून वीण कशी झाली ते ठरतं. दिवसाला तीनच पक्षी मारायचे, हंगाम 45 दिवसांचा. मलाही आधी किळस आली होती. पण ही माहिती दुसरं कोण देणार? आणि पक्षी घटतोय तो मुख्यतः कोवळी झुडपी झाडी संपत चालल्यामुळे. सोडून दिलेल्या शेतांवर ती वाढली होती, आता तिथे मोठं जंगल झालंय. म्हणून कोवळी झाडी पुन्हा यावी यासाठी वुडकॉककरता मुद्दाम जंगलाचे तुकडे तोडतात. यावर बाबा काय म्हणतील ते मला इथूनच ऐकू येतंय.

दादाच्या लग्नाचं कळलं, खूप आनंद झाला. मुहूर्त मेच्या पहिल्या आठवड्यातला आहे ना? इथली वुडकॉकच्या नरांची मोजणी नेमकी एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत असते. 1968 पासून दर वसंतात संध्याकाळी ठरलेल्या रस्त्यांवर थांबून, नाचणाऱ्या नरांचे आवाज ऐकून करतात. सरांनी एक रस्ता माझ्याकडे दिलाय आणि मी हो म्हणून बसलेय. माझ्यासाठी मुहूर्त हलवू नका. वहिनीला मी स्वतः फोन करेन. हॉलच्या खर्चासाठी 500 डॉलर पाठवलेत, दादा नको म्हणाला तरी बाबांनी ठेवून घ्यावेत. कर्जाचा हप्ता वेगळा जाईल.

आई, त्या नाशिकच्या स्थळाला सध्या नाही कळव. मुलगा वाईट नाही, पण मी आणखी वर्षभर इथेच आहे. हे फोनवर बोलता आलं नाही.

तुमची,
मनू

ता. क. लग्नाच्या फोटोत माझी जागा रिकामी ठेवा असलं काही दादाला सुचवू नका. आत्याला उभं करा.