खासगी तपासाच्या नव्या कामाविषयी आई-बाबांस

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

विमा कंपनीतील नोकरी सोडून मी इथे इंग्लंडमध्ये खासगी तपासाच्या क्षेत्रात आल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा बाबा, तुम्ही थोडा वेळ काहीच बोलला नाहीत आणि मग एवढेच विचारलेत, की म्हणजे आता लोकांच्या मागे फिरायचे का. आईला जिवाच्या धोक्याची काळजी वाटली. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि फोनवर त्यांची उत्तरे तुटक देण्यात अर्थ नव्हता, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. कोणत्याही प्रकरणातील माणसाचे नाव, गाव किंवा ओळख पटेल असा तपशील यात येणार नाही. तसे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे तुम्ही समजून घ्याल.

विम्याच्या दाव्यांच्या फायली तपासताना तपासनिसांचे अहवाल रोज माझ्या टेबलावर येत असत. एखादा दावा मंजूर होणार की नाही, म्हणजेच एखाद्या कुटुंबाला पैसे मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्या चार-सहा पानांवर ठरत असे. काही अहवाल असे असत की वाचताना प्रत्येक ओळ तपासून पाहता येई. काहींमध्ये मात्र संशयच पुराव्याच्या भाषेत लिहिलेला असे, आणि त्याच्या आधारे निर्णय घेण्याची वेळ आली की मन अस्वस्थ होई. हे काम नीट करणाऱ्यांची गरज आहे आणि ते मला जमेल, असे वाटू लागले, आणि त्यातूनच हा निर्णय झाला. त्यात साहसाची हौस नाही, एवढे मात्र खात्रीने सांगते.

सरकारी परवान्याविषयी तुम्ही विचारणारच, म्हणून ते आधी सांगते. इंग्लंडमध्ये खासगी तपासनिसाला आजमितीला परवाना लागत नाही. २००१ च्या ज्या खासगी सुरक्षा उद्योग कायद्याने सुरक्षारक्षकांना परवाना सक्तीचा केला, त्यात तपासनिसांचाही समावेश आहे, परंतु तो भाग आजवर अमलात आणलेला नाही. २०१३ साली गृहमंत्र्यांनी परवाना पद्धत आणण्याची घोषणा केली, तीही कागदावरच राहिली. आपल्याकडेही २००७ साली खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. याचा अर्थ इथे उद्या कोणीही दारावर पाटी लावून तपासनीस होऊ शकतो, आणि माझ्या मते ही या व्यवसायाची सर्वांत मोठी उणीव आहे. म्हणूनच नोकरी शोधताना मी पगारापेक्षा इतर गोष्टी जास्त पाहिल्या: संस्था १९१३ पासून चालत आलेल्या ब्रिटिश तपासनिसांच्या संघटनेची सदस्य आहे का, तपाससेवांसाठी ठरवलेले १०२००० क्रमांकाचे ब्रिटिश मानक ती पाळते का, आणि लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या वापरावर देखरेख करणाऱ्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे तिची नोंदणी आहे का. मुलाखतीत मी हे विचारले तेव्हा समोरच्यांना ते आवडल्याचे दिसले. जिथे असे प्रश्न आवडले नसते, तिथे मी काम केलेच नसते.

परवाना नसला तरी मोकळीक मुळीच नाही. पोलिसांचे कोणतेही खास अधिकार आम्हाला नाहीत. कोणाच्या घरात शिरता येत नाही, झडती घेता येत नाही, कोणाला उत्तर देण्यास भाग पाडता येत नाही. दुसऱ्याचे फोन किंवा संदेश चोरून ऐकणे-वाचणे हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, परवानगीवाचून संगणकात किंवा खात्यात शिरणे हा १९९० च्या कायद्याने, आणि बँकेला किंवा टेलिफोन कंपनीला खोटे नाव सांगून एखाद्याची माहिती काढणे हा २०१८ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याच्या १७०व्या कलमाने. पूर्वी या शेवटच्या प्रकारावरच काही लोकांचा धंदा चालत असे. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे वृत्तपत्र २०११ च्या जुलैमध्ये बंद पडले, ते फोनवरचे संदेश चोरून ऐकण्याच्या प्रकरणामुळे, आणि त्या वृत्तपत्रासाठी हे काम करणाऱ्या एका खासगी तपासनिसाला २००७ सालीच तुरुंगात जावे लागले होते. आमच्या व्यवसायाचे नाव त्यामुळे जे खराब झाले, ते अजून पुरते धुऊन निघालेले नाही. एखाद्याचे फोनचे तपशील ‘काढून द्या’ असे सांगणारे लोक आजही येतात. त्यांना नकार देणे हाही रोजच्या कामाचा भाग आहे.

आता बाबांचा प्रश्न. होय, कधीकधी लोकांच्या मागे जावे लागते. पाळत ठेवण्याचे काम बहुतांशी विम्याच्या किंवा नुकसानभरपाईच्या दाव्यांत असते, आणि ते सार्वजनिक रस्त्यावरून, कोणाही वाटसरूला जे दिसू शकेल तेवढेच पाहून करायचे असते. घराच्या खिडकीतून आत किंवा मागच्या अंगणात कॅमेरा रोखायचा नसतो. गाडीत तासन्‌तास बसावे लागते. थंडीत इंजिन बंद ठेवले की काचांवर वाफ धरते आणि वाफ धरलेल्या काचांची उभी गाडी शेजाऱ्यांच्या लगेच लक्षात येते, त्यामुळे काच बोटभर खाली ठेवून कुडकुडत बसणे आलेच. या कामाची सुरुवात करण्यापूर्वीच, या माणसावर पाळत ठेवणे खरोखर आवश्यक आहे का आणि तीच माहिती कमी त्रासदायक मार्गाने मिळेल का, याचे लेखी उत्तर फायलीत ठेवावे लागते. ते पटणारे नसेल तर काम घेतले जात नाही.

खरे कसब लागते ते नोंदवहीत. प्रशिक्षणात आम्हाला एक चित्रफीत दाखवून नोंदी लिहायला सांगितल्या होत्या: पाठीच्या दुखापतीची भरपाई मागणारा एक माणूस गाडीतून मातीची पोती उतरवतो. कोणीही सहज लिहील की ‘त्याची पाठ बरी असल्याचे दिसले’. आमच्या वरिष्ठांनी फळ्यावर हेच वाक्य लिहून त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले: ‘१०:४२. दोन्ही हातांनी एक पोते उचलले, अंदाजे आठ पावले चालून फाटकाशी ठेवले. १०:४४. दुसरे पोते. १०:४६. पायरीवर बसला, उजवा हात कमरेच्या मागे. १०:५७. उठला, तिसरे पोते गाडीतच ठेवून दार लावले.’ पाठ बरी आहे की नाही, हे डॉक्टरांनी आणि न्यायाधीशांनी ठरवायचे. पायरीवरची ती अकरा मिनिटे अहवालातून गाळली, तर अहवालातले एकही वाक्य खोटे नसूनही सबंध अहवाल खोटा ठरतो. मी विमा कंपनीत असताना मला अस्वस्थ करणारे अहवाल नेमके असेच होते, हे त्या दिवशी मला स्पष्ट कळले. ज्याने पैसे दिले त्याच्या सोयीचे तेवढेच लिहायचे की जे दिसले ते सारे लिहायचे, या एका गोष्टीवर मी या व्यवसायातील माणसांची पारख करते.

नवरा-बायकोंच्या भानगडी शोधणे हेच आमचे काम, असा सर्वत्र समज आहे. तशी विचारणा होते, पण इथल्या कोर्टात त्याला पूर्वीसारखे महत्त्व उरलेले नाही. ६ एप्रिल २०२२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये घटस्फोटासाठी जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागत नाही. बराचसा वेळ जातो तो कागदपत्रांत: कंपन्यांची नोंदवही, जमिनींची नोंदणी, दिवाळखोरीच्या सूचना छापणारे गॅझेट, मतदारयादी, जन्म-मृत्यूच्या नोंदी. यातले बरेचसे कोणालाही पाहता येते. कुठे पाहायचे आणि एकाच नावाच्या दोन माणसांची गल्लत कशी टाळायची, हे कळायला मात्र सराव लागतो. ज्यांचे वारस ठाऊक नाहीत अशा मृतांच्या मिळकतींची यादी इथे सरकार अनेक वर्षे प्रसिद्ध करत असे, आणि त्यावरून दूरचे नातेवाईक शोधण्याचे काम करणारे लोक आहेत. मला स्वतःला हे काम फार आवडते.

माणसे शोधण्याच्या कामाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण सर्वांत जास्त जबाबदारी मला तिथे वाटते. पैसे बुडवून घर बदललेला माणूस शोधणे सोपे आहे. कायदेशीर देणे असते, वकिलाचे पत्र असते. पण एखादा गृहस्थ येऊन सांगतो, की बहीण अनेक वर्षांपूर्वी घर सोडून गेली, आई आता थकली आहे, तिचा पत्ता शोधून द्या, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी असते. तो खरे बोलत असेलही. पण ती बहीण याच माणसाला घाबरून निघून गेलेली असू शकते, किंवा ती बहीण नसून मारहाणीला कंटाळून पळालेली पत्नी असू शकते. म्हणून आमच्याकडे असा नियम आहे, की वैयक्तिक कारणासाठी शोधलेल्या व्यक्तीचा पत्ता तिच्या संमतीवाचून अशिलाला द्यायचा नाही. ती सापडली तर तिला निरोप पोहोचवायचा, आणि पुढे काय करायचे ते तिने ठरवायचे. तिने नको म्हटले तर ‘व्यक्ती सापडली, संपर्काची इच्छा नाही’ एवढेच कळवायचे, आणि जिथे तेवढेही सांगणे धोक्याचे वाटेल तिथे तेही सांगायचे नाही. काही अशील यावर संतापतात, पैसे परत मागतात. मला हा नियम इतका योग्य वाटतो की तो नसता तर मी इथे टिकले नसते.

बाबा, आणखी एक काम माझ्या वाट्याला येते, जे तुम्ही कोर्टात बेलिफ म्हणून आयुष्यभर केलेत. इथे कोर्टाचे अनेक कागद खासगी माणसेच बजावतात. आपल्याकडे समन्स घरातील सज्ञान व्यक्तीकडे देता येते, आणि कोणीच घेईना तर दारावर चिकटवताही येते. इथे मात्र ‘व्यक्तिशः बजावणी’ असा आदेश असला की कागद त्याच माणसाकडे गेला पाहिजे. त्याने घ्यायला नकार दिला, तर हा कसला कागद आहे हे त्याला स्पष्ट सांगून तो त्याच्या जवळ ठेवला तरी चालते. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात पत्नीला त्रास देऊ नये असा जो मनाई आदेश कोर्ट देते, त्याचा भंग हा फौजदारी गुन्हा आहे. पण आदेश निघाल्याचे त्या माणसाला ठाऊक असेल, तेव्हापासूनच तो गुन्हा ठरतो. म्हणजे कागद त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्या बाईचे संरक्षण अर्धेच असते. अशा एका बजावणीत समोरच्याने हाताची घडी घातली आणि मान फिरवली. मी कागदाचे नाव, कोर्टाचे नाव आणि आदेशातील मुख्य मनाई मोठ्या आवाजात सांगितली, पाकीट त्याच्या पायांशी ठेवले, घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि गाडीत बसताच वकिलांना फोन केला, कारण त्यांना पोलिसांना कळवायचे होते. तुम्ही भर उन्हात सायकलवरून समन्स घेऊन फिरत होतात, त्या कामाचे मोल मला त्या दिवशी नव्याने समजले.

आई, धोक्याबद्दल. अशा बजावणीला मी एकटी जात नाही. सहकारी गाडीत थांबतो, मी कुठे आहे हे कार्यालयाला ठाऊक असते, आणि ठरल्या वेळी माझा फोन गेला नाही तर ते चौकशी करतात. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, वाद घालायचा नाही, हे पक्के ठरलेले आहे. बाईमाणसाचे हे काम नव्हे असे कोणी म्हणाले, तर त्यांना सांग की १८५६ साली शिकागोत केट वॉर्न नावाची स्त्री अ‍ॅलन पिंकर्टनच्या तपास संस्थेत गेली आणि पुरुषांना जिथे प्रवेश मिळत नाही तिथल्या गोष्टी स्त्रीला कळू शकतात, असे सांगून तिने नोकरी मिळवली. आजही गाडीत किंवा बसथांब्यावर बराच वेळ थांबलेल्या स्त्रीकडे लोक फारसे संशयाने पाहत नाहीत, हा माझा रोजचा अनुभव आहे.

ओळखीपाळखीच्या कोणी माझ्याकरवी कोणाची माहिती काढून मागितली, तर कृपा करून तिथेच नाही म्हणा. घरच्यांच्या भिडेखातर केलेली चौकशीसुद्धा बेकायदा ठरू शकते, आणि ती करण्याची माझी इच्छाही नाही.

बाबा, तुम्हाला एक विचारायचे आहे. दार उघडणारा माणूस तोच आहे अशी मनोमन खात्री असते, पण तो ‘मी तो नव्हेच’ म्हणून सांगतो. इथे आम्ही छायाचित्राशी ताडून पाहतो, शेजाऱ्यांना विचारतो, गाडीचा क्रमांक टिपतो. तुमच्याकडे तर छायाचित्र नसायचे. तेव्हा तुम्ही काय करत होतात, आणि अहवालात ते नेमके कोणत्या शब्दांत लिहीत होतात, हे मला सविस्तर कळवा. शक्य असेल तर एखाद्या जुन्या अहवालाचा मजकूर आठवून, नावे वगळून, जसाच्या तसा लिहून पाठवा.

तुमची लेक