आई-बाबा, आम्ही डब्लिनला जातोय

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही नुसतं “बरं” म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईनं भलतंच काहीतरी विचारलं असतं, जेवलीस का वगैरे. म्हणून लिहिते आहे. आम्ही ब्रिटनमधलं हे लेस्टर सोडतोय. जुलैत ओवीची शाळा संपली की आयर्लंडला, डब्लिनला. गोडाउनच्या करारावर सही झाली आहे, तेव्हा आता यात मागे-पुढे काही नाही.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे: बसलेला धंदा का हलवायचा? तुम्हाला शिरोली नाका आठवतो ना, माल अडकला की पावत्यांची पिशवी हँडलला लावून लूनावरून जायचात आणि यायला रात्र व्हायची. 31 डिसेंबर 2020 पर्यंत ब्रिटन आणि युरोपच्या मध्ये तसा नाकाच नव्हता. कापशीच्या चपलांचे जोड इथे आले, जकात एकदा भरली, की तेच खोकं हॅम्बुर्गच्या दुकानाला पाठवायला नुसता पत्ता पुरायचा. ब्रेक्झिट झालं, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, आणि 1 जानेवारी 2021 ला नाका उभा राहिला. ब्रिटन-युरोपच्या करारात शून्य जकात आहे ना, असं तुम्ही तेव्हा विचारलं होतंत. आहे, पण ब्रिटनमध्ये किंवा युरोपात बनलेल्या मालाला. आपली पायताणं कोल्हापूरची. इथे जकात भरलेली असली तरी खोकं तिकडे गेलं की पुन्हा जकात, वर तिथला व्हॅट. दुकानदार किती दिवस सोसणार?

सुट्या गिऱ्हाइकांचं वेगळंच. जुलै 2021 पासून युरोपनं 22 युरोंपर्यंतच्या पार्सलांची व्हॅटची सूट काढून टाकली. कुरिअरवाला दारात व्हॅट मागतो, स्वतःचे पैसे वेगळे मागतो, गिऱ्हाईक चिडतं आणि पार्सल परत येतं. चपलेत मापाचा घोळ होणारच, तो परत आलेला जोड सोडवायलाही कागद. त्यात 13 डिसेंबर 2024 पासून नवा नियम आला: युरोपात माल विकायचा तर तिथला कुणीतरी जबाबदार नेमायचा आणि त्याचं नाव-पत्ता द्यायचा. हा नियम उत्तर आयर्लंडलाही लागू. तिथलं बेलफास्ट ब्रिटनच्याच देशात, तरी तिथल्या गिऱ्हाइकाला एक जोड पाठवायला हाच खटाटोप!

मला खरा राग याचा येतो की कंटेनर भरून माल पाठवणाऱ्याला जेवढे कागद, जवळजवळ तेवढेच आमच्या दहा खोक्यांना. मोठी कंपनी त्यासाठी माणसं ठेवते. आमच्याकडे निखिल रात्री ओवी झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते भरत बसतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासात निघालं की सुमारे 16,400 कंपन्यांनी युरोपला माल पाठवणंच सोडलं. त्यांच्यात जायचं नाही म्हणून हे पाऊल. थोडं थांबा म्हणाल, तर मे 2025 मध्ये लंडनला दोन्ही बाजूंची बैठक झाली, पण मालाच्या कागदांचं बोलणं झालं ते मुख्यतः खाण्यापिण्याच्या मालापुरतं. चपलांचा नाका आहे तिथेच आहे.

डब्लिनला माल एकदा उतरला की पुढे सगळा युरोप मोकळा. आणि आमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहेत, त्यामुळे तिथे राहायला, काम करायला वेगळी परवानगी लागत नाही. दोन देशांतली ती जुनी सोय ब्रेक्झिटनंतरही टिकली. इथली गिऱ्हाइकं निखिलची बहीण सांभाळेल. तुमच्या एफडीला या खेपेला हात लावलेला नाही, बाबा. लावणारही नाही.

आता आई, तुझी खोली. घर बघताना मी आधी तीच बघितली. तळमजल्यावर आहे, बाबांना जिना नको. संडास-बाथरूम लागून आहे, धरायला दांडे बसवून घेणार आहे. खिडकी दक्षिणेला, सकाळचा चहा तिथेच घ्यायचा. तुझा मिक्सर, पोळपाट, विळी सगळं बरोबर जातंय. तुळस मात्र नेता येणार नाही, कारण ब्रिटनमधून युरोपात रोप न्यायला सरकारी प्रमाणपत्र लागतं. ती शेजारच्या मासींकडे देते आहे, त्या रोज पाणी घालतील. बेलग्रेव्ह रोडवरच्या तुझ्या मैत्रिणी सुटतील याचं मलाही वाईट वाटतं. पण विमानानं तासाभराचं अंतर आहे, मी स्वतः तुला घेऊन येईन.

परवा खोकं उघडलं आणि नव्या चामड्याचा तो वास आला. लहानपणी नवीन पायताण चावलं की तू रात्री माझे पाय मांडीवर घेऊन खोबरेल लावायचीस आणि बाबा पट्ट्याला तेल. अजूनही पाय दुखले की तुझीच मांडी आठवते गं.

बरं, आता ऐका दोघंही. आयर्लंडचा व्हिसा मी इथून भरते. भारतीयांसाठी एका व्हिसावर ब्रिटन-आयर्लंड दोन्ही फिरता येण्याची सोय आहे, पण ज्या देशानं दिला तिथे आधी उतरायचं, म्हणजे या वेळी डब्लिन. आई, तूप, पेढे, कुंदा काही बांधायचं नाही, दुधाचं सामानातून नेऊ देत नाहीत. तिथलं लोणी फार चांगलं आहे, आपण घरीच कढवू. कांदा-लसूण मसाला आण, डबा घट्ट बंद करून. बाबा, साखर दर सोमवारी तपासायची आणि आकडा मला पाठवायचा. गुडघ्याचे व्यायाम सकाळी टीव्ही लावायच्या आधी. आत्याला मी सांगेन, तुम्ही सांगू नका, ती काळजी करत बसेल. आणि व्हिसाचे फोटो याच आठवड्यात काढून घ्या, दोघांचे, चष्मा काढून. बाबा, दाढी करून जा.

तुमची,
मनू