संमती घेणार कोण?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली, तेव्हापासून त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात बरेच लिहिले गेले आहे. आठवड्याचे 48 तास कायम राहणार आहेत, जादा कामाचा दुप्पट मोबदला मिळणार आहे आणि त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागणार आहे, असे समर्थक सांगतात व ते खरे आहे. मला यांपैकी शेवटच्या अटीविषयीच लिहायचे आहे. कामगार आणि कारखाना यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस कोण, यावर दोघांचेही वागणे कसे ठरत गेले, हे गिरणगावाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल.

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार नेमण्याचे काम अनेक दशके कचेरीकडे नव्हते. ते जॉबरकडे, म्हणजे खात्यातल्या मुकादमाकडे होते. माणूस घ्यायचा, काढायचा, रजा द्यायची, साचा (यंत्र) नादुरुस्त झाला तर पाहायचे, हे सगळे तोच करी. नोकरी लावून दिल्याबद्दल तो दस्तुरी घेई, अडीनडीला व्याजाने पैसे देई, आणि पगार महिना उलटून गेल्यावर हाती पडत असल्यामुळे ही अडीनडी बहुतेकांना असेच. तो आपल्या गावचे, नात्यातले, जातीतले लोक आणी, त्यामुळे कोणते खाते कोणत्या समाजाचे हेही ठरून गेले. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना अधिक पगाराच्या विणकाम खात्यात पाऊल ठेवू दिले जात नसे. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. भेद केवळ मालकांनी केला असे नव्हे, सहकारी कामगारांनीही तो पाळला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

या व्यवस्थेचे मर्म ‘बदली’त, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता दुसरा माणूस घेण्याच्या पद्धतीत होते. रोज सकाळी गेटवर गरजेपेक्षा जास्त माणसे उभी असत आणि कायम कामगार जितके कमी येतील तितक्या बदलीवाल्यांना काम मिळे. आपल्या आश्रयाला आलेल्या प्रत्येकाला महिन्यातून काही पाळ्या मिळाव्यात, म्हणजे सगळेच आपल्या मुठीत राहतील, हे जॉबरला ठाऊक असल्याने कायम माणसाने अधूनमधून घरी बसणे त्याच्या सोयीचेच होते. आणि हीच गैरहजेरी पुढे करून गिरणीमालक वर्षानुवर्षे तक्रार करीत राहिले की, कोकणातला आणि घाटावरचा हा माणूस मनाने शेतकरीच आहे, त्याला शिस्त माहीत नाही. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे ‘डबल खाडा’: एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापायचा. गिरणीने आपल्या हातांनी घडवलेल्या सवयीला कामगाराचा स्वभाव म्हटले आणि त्याच स्वभावाबद्दल त्याला दंड केला.

माझे वडील साठच्या दशकात परळच्या एका गिरणीत बदली म्हणून लागले. तोवर जॉबरची भरतीची सत्ता कागदोपत्री संपली होती, पण गेट तेच होते. सकाळी डबा घेऊन गेलेले वडील तासाभरात तोच भरलेला डबा घेऊन परतले की त्या दिवशी आमच्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत नसे. सलग काम मिळालेल्या आठवड्यात ते कधीही आजारी पडल्याचे मला आठवत नाही.

जॉबरवर विसंबण्याची किंमत गिरण्यांनाही मोजावी लागली. कोणाला नेमके काय सलते आहे हे वरच्या कचेरीला कळतच नसे. जॉबरला काढले तर त्याच्या हाताखालचे लोक काम बंद करीत. उलट 1928 मध्ये, विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत आणि अशाच प्रकारे इतर खात्यांत माणसे कमी करावीत, हा बेत पुढे आला, तेव्हा सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले. त्या वर्षी उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनने गिरणीगणिक समित्या नेमल्या. खात्यातल्या माणसाने जॉबरला वगळून आपले गाऱ्हाणे स्वतः मांडण्याची सोय प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर झाली.

पण ती सोय टिकली नाही. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार दिला आणि कचेरीला पुन्हा एक ठरावीक मध्यस्थ मिळाला. हा मध्यस्थ जॉबरसारखा होता असे मी म्हणणार नाही. त्याच्यामार्फत काही चांगले करारही झाले. तरीही खात्यात काय शिजते आहे हे वर पोहोचेनासे झाले, एवढे निश्चित. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करणे आणि हा कायदा रद्द करणे याही गोष्टी होत्या. त्या संपाची चर्चा नेहमी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या हट्टापाशी येऊन थांबते. गेटवरची माणसे तिच्यात फारशी येत नाहीत.

कामाच्या तासांची वाटचालही ध्यानात घेण्याजोगी आहे. 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांच्या दिवसाला 12 तासांची मर्यादा घातली. 1922 मध्ये ती 11 तासांवर, 1934 मध्ये बारमाही कारखान्यांसाठी 10 तासांवर आणि 1948 च्या कारखाने अधिनियमात 9 तासांवर आली. रविवारची सुटीही आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनंतर 1890 मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली.

आज अनेक कारखान्यांत उत्पादनाच्या रांगेवर कंत्राटी कामगार उभे असतात आणि त्यांना आणणारा, ठेवणारा व काढणारा कंत्राटदार असतो. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढे ज्याने म्हटले की नोकरी संपते, त्यानेच पुढे केलेल्या कागदावर केलेली सही म्हणजे संमती मानायची काय? शासनाने या निर्णयाची अंमलबजावणी करताना ही संमती कंत्राटदाराने किंवा त्याच्या पर्यवेक्षकाने घेऊ नये, ती मूळ आस्थापनेने थेट घ्यावी, तिची प्रत कामगाराला द्यावी, ती केव्हाही मागे घेण्याची मुभा असावी आणि नकार देणाऱ्याच्या पुढील तीन महिन्यांच्या हजेरीची नोंद कारखाना निरीक्षकाने तपासावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक गिरणी कामगारपुत्र,
लालबाग, मुंबई