पाडव्याच्या सकाळची मॅच

वेस्ट लाफिएट, इंडियाना
१४ एप्रिल २०२४

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाडव्याच्या दिवशी सकाळी सकाळी फोन करून मी तुम्हाला टीव्हीसमोर बसवलं, मॅच संपल्यावर नीट बोललेही नाही आणि फोन ठेवून दिला. आई, तू नंतर मेसेज केलास, "रडत होतीस का?" हो, रडत होते. का ते फोनवर सांगता येईना, म्हणून आज रविवारी निवांत लिहायला बसले आहे.

आधी थोडं मागून सांगते. आमच्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संघाला 'बॉयलरमेकर्स' म्हणतात, म्हणजे बॉयलर बनवणारे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपला साखर कारखाना आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला होणारं बॉयलर अग्निप्रदीपन आठवलं. इथला बास्केटबॉलचा हंगामही आपल्या गळीत हंगामासारखाच आहे, दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि पाडव्याला संपतो. कारखाना सुरू झाला की आपल्याकडे सगळं गाव जसं त्या भोंग्यावर चालतं, तसं इथे नोव्हेंबरपासून सगळं गाव मॅकी अरिनाच्या वेळापत्रकावर चालतं. चौदा हजारांवर माणसं बसतात त्यात. विद्यार्थ्यांचा कोपरा वेगळा असतो आणि मी तिथे उभी असते. बसत कुणीच नाही.

मी इथे आले त्याच वर्षीच्या मार्चमधली गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. हंगाम संपला की देशभरातल्या ६८ संघांची बाद फेरी होते. एकदा हरला की घरी. चार गट, प्रत्येक गटात एक ते सोळा मानांकन, आणि पहिल्या नंबरची गाठ सोळाव्याशी. १९८५ पासून अशा दीडशेवर लढती झाल्या आणि २०२३ च्या मार्चपर्यंत सोळाव्या नंबरचा संघ फक्त एकदाच जिंकला होता. दुसऱ्यांदा जिंकला तो आमच्याविरुद्ध, १७ मार्च २०२३ च्या रात्री. न्यू जर्सीचं फेअरली डिकिन्सन नावाचं लहान विद्यापीठ. सगळ्या देशात उंचीने सर्वांत लहान संघ त्यांचा, आणि आमच्याकडे झॅक ईडी, सात फूट चार इंच. आपल्या स्वयंपाकघराच्या चौकटीतून आत यायचं तर त्याला कमरेत वाकावं लागेल. ती बुटकी पोरं त्याला दोघं-तिघं मिळून वेढायची, त्याच्यापर्यंत चेंडूच पोचू द्यायची नाहीत. बाहेरून आमच्या पोरांनी नेम धरले, पण एकामागून एक हुकले. ६३-५८. हरलो.

त्या रात्री लॅबमधून घरी चालत येताना रस्त्यावर माणसं होती, पण कुणी बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून देशभर हसं सुरू झालं. त्याआधीची दोन वर्षंही हा संघ असाच आपल्यापेक्षा कितीतरी खालच्या मानांकनाच्या संघांकडून हरला होता, २०२१ ला तेराव्या आणि २०२२ ला पंधराव्या. लोक म्हणायला लागले, प्रशिक्षक बदला, यांच्या नशिबातच नाही. चेंडू खेळवणारी दोन पोरं, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, पहिल्या वर्षाला होती, अठरा-एकोणीस वर्षांची. त्यांच्याबद्दल लोक जे लिहीत होते ते मला वाचवेना.

बाबा, मला ते का वाचवलं नाही ते तुम्हाला कळलं असेल.

मी आठवीत होते. तालुक्याचा खो-खोचा सामना. तुम्ही प्रशिक्षक आणि मी सरांची मुलगी. समोर त्या वाडीच्या शाळेच्या मुली, अनवाणी, अर्ध्यांच्या अंगावर गणवेशही एकसारखा नव्हता. शेवटचं मिनिट, एक गडी हवा होता. मला खो मिळाला, मी उठले, खांबाच्या दिशेने पाऊल टाकलं, आणि ती मुलगी मागे दिसली तशी उलटी वळले. माझा हात तिच्या पाठीला लागला. तो स्पर्श अजून माझ्या बोटांना आठवतो. पण शिट्टी आधीच वाजली होती. दिशा फाऊल. एका गुणाने गेलो.

परतीच्या एसटीत तुम्ही दांडा धरून उभे होतात. स्टँडवर सगळ्यांना भडंग घेऊन दिलंत, माझा पुडा माझ्या हातात दिलात आणि एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, रागावलात. पुढे आठवडाभर गावात काय बोललं गेलं ते मी ऐकलं होतं. "सरांनी स्वतःच्या पोरीला घेतलं म्हणून हरले." आई, तुलाही हळदीकुंकवात ऐकवलं होतं कुणीतरी, तू घरी येऊन नुसती भांडी घासत बसली होतीस. मग जून आला, पहिला पाऊस पडला आणि फळ्यावर संघाची यादी लागली. त्याच नऊ जणी. माझं नाव पहिलं.

बाबा, तुम्ही असं का केलंत हे मी कधी विचारलं नाही. गेल्या दीड वर्षात एक माणूस तेच करताना पाहिला, म्हणून आता विचारावंसं वाटतंय.

मॅट पेंटर त्यांचं नाव. ते याच विद्यापीठात खेळले आणि २००५ पासून इथेच प्रशिक्षक आहेत. त्यांचे गुरू जीन कीडी पंचवीस वर्षं इथे प्रशिक्षक होते, पण त्यांना शेवटच्या चार संघांत एकदाही जाता आलं नाही. त्या हारेनंतर पेंटरनी स्मिथला आणि लॉयरला बाजूला केलं नाही. दोघं पुन्हा पहिल्या पाचांत. एकच जाणता गडी बाहेरून आणला, लान्स जोन्स, चपळ आणि बिनधास्त नेम धरणारा. ईडीला व्यावसायिक खेळात जायची वाट मोकळी होती, पण तोही परत आला. हा मुलगा टोरंटोचा, त्याची आई चिनी वंशाची, आणि पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत तो हॉकी आणि बेसबॉलच खेळायचा. उशिरा सुरुवात केलेल्या मुलांवर तुमचा जास्त जीव असायचा, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हंगाम कसा गेला ते सगळं लिहीत नाही, पत्र संपणार नाही. नोव्हेंबरमध्ये होनोलुलूला तीन दिवसांत तीन मोठे संघ हरवले. ती स्पर्धा दरवर्षी माउई बेटावर असते, पण ऑगस्टमध्ये तिथे वणव्याने अख्खं गाव जळालं म्हणून यंदा हलवली होती. डिसेंबरमध्ये ईडीला त्याच्या गावी, टोरंटोला खेळायला नेलं, तिथे त्याने ३५ गुण केले. देशात पहिला नंबर लागला. आणि पहिला नंबर असताना नॉर्थवेस्टर्नकडून हरलो, नेब्रास्काकडून हरलो. प्रत्येक हारेनंतर लोक तेच म्हणायचे, बघा, मार्चमध्ये काय होणार ते दिसतंय. जिंकलो तरी तेच. चौतीस सामने जिंकले यंदा पोरांनी, पण मार्च येईपर्यंत एकाही विजयाला किंमत नव्हती. हे मला फार अन्यायाचं वाटायचं. अशा वेळी खेळत राहायचं म्हणजे काय असतं, ते तुमच्या नऊ जणींना विचारा.

मार्चच्या २२ तारखेला पुन्हा तीच लढत, आम्ही पहिले आणि समोर सोळावे, ग्रॅम्बलिंग स्टेट. इंडियानापोलिसला सामना होता. पहिली दहा मिनिटं मी खुर्चीच्या कडेवर होते. ७८-५०. कुणी नाचलं नाही, सगळ्यांनी नुसता श्वास सोडला. धुळवडीच्या आदल्या दिवशी युटा स्टेटला १०६-६७ असं धुतलं. मग डेट्रॉइटला गोंझागा, आणि ३१ तारखेला टेनेसी.

टेनेसीची मॅच मात्र सांगतेच. त्यांचा डाल्टन नेक्ट नावाचा गडी अडवायला नाही आला कुणालाच, ३७ गुण केले त्याने. आणि ईडीने ४०. आमचे एकूण ७२ झाले, त्यातले चाळीस एकट्याचे. शेवटच्या मिनिटात नेक्ट मुसंडी मारून रिंगखाली आला तेव्हा ईडी वळला आणि नुसता हात वर केला. चेंडू तिथेच अडला. ७२-६६. चव्वेचाळीस वर्षांनी पर्ड्यू शेवटच्या चारांत गेलं, १९८० नंतर पहिल्यांदा. इथे जिंकणारा संघ रिंगची जाळी कापून नेतो, त्यासाठी शिडी लावतात. बाकीचे एकेक जण शिडीवर चढले. ईडी जमिनीवर उभा राहून कापत होता.

उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेट हरलं आणि आम्ही अंतिम सामन्यात आलो, १९६९ नंतर पहिल्यांदाच. समोर कनेटिकट, गतविजेते.

तो दिवस काय होता बघा. ८ एप्रिल, सोमवती अमावास्या, आणि इथे खग्रास सूर्यग्रहण. आई, तू आदल्या रात्री फोनवर म्हणालीस, "आपल्याकडे दिसत नाही म्हणून आम्ही पाळणार नाही, पण तू तिथे आहेस, तू काही खाऊ नकोस." आमच्या गावात थोडक्यासाठी खग्रास होणार नव्हतं, म्हणून आम्ही पाच जण गाडी काढून इंडियानापोलिसला गेलो. तीन वाजून गेल्यावर चारेक मिनिटं अंधार झाला. वारा गार झाला, पाखरं गप्प झाली, क्षितिजावर चहूकडे तिन्हीसांजेसारखा उजेड. मी काही खाल्लं नाही, आई. येताना रस्ता तुंबला होता, पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. रात्री नऊ वीसला सामना. तुमच्याकडे पाडव्याची सकाळ, सात वाजायला दहा मिनिटं.

तुम्ही मोबाइल टीव्हीजवळ टेकवून ठेवला होतात, म्हणून मला तुम्ही दोघं आणि मागे खिडकीतून गुढीचा काठ दिसत होता. हिरवं खणाचं कापड होतं ना? आई कडुनिंबाची चटणी वाटता वाटता येऊन बघून जात होती. मध्यंतराला ३६-३० असे आम्ही मागे होतो. इथल्या समालोचकांनी तोवर बरंच काही सांगितलं होतं, पण मला काही उमगत नव्हतं. ईडी तर गुण करतोय, मग आपण मागे का? तेव्हा तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "तो उंच पोरगा एकटाच पळतोय गं. बाकीच्यांना खोच मिळत नाहीये."

तेच होतं, बाबा. कनेटिकटने ईडीला एका उंच गड्याच्या हवाली केलं, म्हणाले, कर तुला काय करायचं ते, आणि उरलेल्या चौघांना सोडलंच नाही. वर्षभर लांबून नेम साधणारा हा संघ, पण त्या रात्री अख्ख्या सामन्यात लांबून सातच नेम धरू शकला, त्यातला एक लागला. ईडीने ३७ केले. बाकी सगळ्यांचे मिळून २३. ६०-७५.

मॅच संपल्यावर आमच्या खोलीत कुणी टीव्ही बंद करेना. आणि फोनमधून तुमचा आवाज आला, "पोरं चांगली खेळली." तुम्ही हेच वाक्य मी नववीत असताना जिल्ह्याचा अंतिम सामना हरलो तेव्हा म्हणाला होतात, मैदानाच्या कडेला, माझ्या डोक्यावर हात ठेवून. त्या वर्षी माझ्याकडून एकही फाऊल झाला नव्हता. जून ते डिसेंबर तुम्ही मला रोज शंभर वेळा खोवरून उठवलं होतंत, अंधार पडेपर्यंत, बाकीच्या घरी गेल्यावरसुद्धा. मी तेव्हा ती शिक्षा समजत होते. म्हणून रडले, आई.

बाबा, तुम्हाला लोकांनी एवढं ऐकवलं तरी तुम्ही माझं नाव पहिलं का लिहिलंत? उत्तर पत्राने कळवा, फोनवर तुम्ही विषय बदलता.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे होऊ द्या, पुढे ढकलू नका. सगळं नीट झालं तर नोव्हेंबरमध्ये दोघं इकडे या. थंडी आहे, पण मॅकीच्या आत घाम फुटतो. आईला गर्दी आवडत नाही हे मला माहीत आहे, मी कडेच्या खुर्च्या बघीन. ईडी तेव्हा नसेल, त्याचं शिक्षणाचं हे शेवटचं वर्ष. स्मिथ आणि लॉयर असतील अशी आशा आहे.

मे महिन्यात माझी मैत्रीण सांगलीला येतेय. तिच्याजवळ रिंगच्या दोन जाळ्या देते आहे. आपल्या शाळेच्या मैदानावरच्या रिंगला मी शिकत होते तेव्हाही जाळी नव्हती, अजून नसेलच. एक लावा, एक जपून ठेवा. स्टुलावर तुम्ही चढू नका, एखाद्या पोराला चढवा.

तुमची लेक