दिलीप प्रभावळकर सरांना, एका चरित्र अभिनेत्याकडून

आदरणीय प्रभावळकर सर,

सादर नमस्कार.

आपली ओळख नाही. मी हौशी रंगभूमीवरून आलेला आणि आता मालिकांमध्ये लहानमोठी कामं करणारा नट आहे. नायिकेचे वडील, मामा, हेडमास्तर, कोर्टातला कारकून अशी माझी कामं. ती मनापासून करावीशी वाटतात, त्यामागे तुम्ही आहात. हे तुम्हाला कळवायचं बरीच वर्षं मनात होतं.

हौशी संस्थेत ज्याचा आवाज जरा जड, त्याच्या वाट्याला म्हातारे येतात. माझ्याकडे ते विशीतच आले. केसांना पांढरा रंग, हातात काठी, दोन वाक्यांनंतर एक खोकला, झाला म्हातारा तयार. सगळीकडे असंच चालायचं आणि प्रेक्षकही ते गोड मानून घ्यायचे. मग २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. तुम्ही तेव्हा ५७ वर्षांचे होता आणि पडद्यावर आजोबा होता. मी ती मालिका अक्षरशः वहीपेन घेऊन बघितली आहे. त्या आजोबांचं, म्हणजे आबांचं, वय कुठे दिसतं, हे मी शोधत होतो. ते मला सापडलं आबांच्या सवडीत. घरात सगळे घाईत असतात, मुलगा शेखरला ऑफिस, सून श्यामलाला स्वयंपाकघर, मुलांना आपापली धावपळ, आणि आबांना मात्र समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत ऐकायला वेळ आहे. तुम्ही उत्तर द्यायच्या आधी जे थांबता, तिथे आबा सत्तरीचे होतात. शिवाय शेखरशी बोलताना आवाजात बाप असतो, श्यामलाशी बोलताना जपणूक असते आणि नातवाशी, शिऱ्याशी, बोलताना जवळजवळ मित्रच. माणूस एकच, पण त्याची नाती आवाजातून वेगवेगळी कळतात. माझ्या वाट्याला पुढे जे वडील आणि आजोबा आले, त्यांची तयारी मी याच प्रश्नापासून करायला लागलो: हा माणूस घरात कुणाशी कसा बोलतो? काठी हवी की नको, ते मग आपोआप ठरतं.

पण ज्या कामांसाठी तुमचे सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत, ती दोन आहेत आणि ती मी कायम जोडीनं बघतो. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ या नाटकात तुम्ही मतिमंद मुलाचे वडील होता. मुलगा वाढतो आहे, आईवडील थकत चालले आहेत आणि आपल्यामागे याचं कोण, हा प्रश्न घरात मुक्कामालाच आला आहे. त्यानंतर १९९१ साली ‘चौकट राजा’ हा चित्रपट आला आणि त्यात तुम्ही स्वतः मतिमंद नंदू झालात. आधी बाप, मग मूल! एकाच दुःखाच्या दोन्ही बाजूंना उभं राहून आलेला दुसरा नट मला तरी माहीत नाही. नंदू केलात तेव्हा तुम्ही पंचेचाळिशी ओलांडली होती. अशा भूमिकेत नट फार लवकर प्रेक्षकांकडे दया मागायला लागतो. नंदू कधीच मागत नाही. त्याला आनंद होतो तेव्हा तो पुरता आनंदात असतो, रुसतो तेव्हा पुरता रुसलेला असतो. रडू आपल्याला येतं, तो मात्र आपल्या खेळात असतो.

आमच्या संस्थेनं ‘नातीगोती’ बसवलं तेव्हा वडिलांचं काम माझ्याकडे आलं. तालमीत माझे सगळे प्रसंग रडवे होत होते. दिग्दर्शक चिडत होता आणि मला मार्ग दिसत नव्हता. त्या आठवड्यात मी ‘चौकट राजा’ पुन्हा बघितला, नाटकातल्या मुलाला समजून घ्यायचं म्हणून. आणि लक्षात आलं की या बापानं दिवसभर रडून कसं चालेल? त्याला मुलाला जेवू घालायचंय, अंघोळ घालायचीय, नोकरीवर जायचंय. मी मुलाच्या शर्टाची बटणं लावता लावता संवाद म्हणायला लागलो. लक्ष बटणांकडे. तो प्रवेश त्या दिवशी उभा राहिला. सर, ही मदत तुम्ही केलीत आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही.

बाकी तुमच्याबद्दल किती लिहू? ‘हसवाफसवी’ हे नाटक लिहिलंतही तुम्हीच आणि त्यातल्या सहा भूमिका केल्यातही तुम्हीच. त्यातल्या कृष्णराव हेरंबकरांपुढे मी आजही हात जोडतो. संगीत रंगभूमीवरचा तो वृद्ध नट बघताना हसू थांबून घसा कधी दाटून येतो, हे कळत नाही. मतकरींच्या बालनाट्यातली चेटकीण तुम्ही आणि ‘झपाटलेला’तला तात्या विंचूही तुम्हीच. आमच्या घरातले वडीलधारे तर तुम्हाला अजून चिमणरावच म्हणतात.

कॅमेऱ्यापुढे आलो तेव्हा मात्र रंगमंचाचा आवाज आणि हातवारे आवरणं मला जड गेलं. तिथे ‘लगे रहो मुन्नाभाई’तले तुमचे बापू, म्हणजे गांधीजी, कामी आले. मुन्नाशिवाय ते कुणालाच दिसत नाहीत. म्हणजे चौकटीत इतर नट आहेत, पण तुमच्याकडे कुणी बघणार नाही, तुमच्या वाक्याला कुणी दाद देणार नाही. अशा वेळी नटाला काहीतरी करून दाखवायचा मोह होतो. तुम्ही नुसते उभे आहात, हसता आहात, हळू आवाजात बोलता आहात आणि तरी नजर तुमच्यावरून हलत नाही. मालिकेत सहा जणांच्या मागे, दाराशी उभं राहायचं काम मला पुष्कळदा येतं. तेव्हा मी हे आठवतो. त्या भूमिकेला आणि ‘शेवरी’तल्या कामाला मिळून २००६ सालचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार तुम्हाला मिळाला, त्याचा आम्हा सगळ्या ‘सहायकां’ना केवढा आनंद झाला होता! आणि दोनच वर्षांनी ‘सरकार राज’मध्ये तोच शांत आवाज घेऊन रावसाहेब झालात, तेव्हा त्याच आवाजाची भीती वाटली.

गेल्या सप्टेंबरपर्यंत मला वाटत होतं की तुमच्याकडून शिकण्यासारखं मी बरंच शिकलो. मग २०२५चा ‘दशावतार’ हा चित्रपट पाहिला. ८१व्या वर्षी बाबुली मेस्त्री उभा करताना तुम्ही अंगावर जे काही पेललं आहे, ते बघून मी माझ्या सकाळच्या व्यायामाची वेळ वाढवली आहे.

‘एका खेळियाने’ हे तुमचं पुस्तक आमच्या संस्थेच्या कपाटात आहे. त्याची पानं सुटायला आली आहेत, कारण नवीन आलेल्या प्रत्येकाला आम्ही ते आधी वाचायला देतो. नवी प्रत घेणार आहोत. जुनी मी ठेवून घेणार आहे.

तुमचे मनापासून आभार, सर. तब्येतीला जपा.

आपला नम्र,
एक चरित्र अभिनेता