पैठण रोडवरच्या सायकलवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

दुकानात यावं तर तुमच्यापुढे कुणाची तरी सायकल उलटी टाकलेली असते, आणि आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच चहा सांगता. म्हणून लिहून कळवते. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण माझ्यासारखी आणखी एखादी बाई आपल्याच हातांना दोष देत बसली असेल.

मागच्या वैशाखात बिडकीनच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली आणि स्टेपनी काढायला डिकी उघडली, तो दिवस. गोल्फची बॅग पाहून तुम्ही पान्हा खाली ठेवलात. "ताई, हे कुणाचं हाय?" माझंच म्हटलं. तुम्ही सात नंबरची आयर्न, म्हणजे चेंडू मारायचा लोखंडी डोक्याचा क्लब, बाहेर काढली, रबरी मूठ, म्हणजे ग्रिप, दाबून पाहिली. "तुमचं नाही हे. हात दाखवा बरं."

तोवर दीड वर्षात माझा हात कुणी पाहिलाच नव्हता. धाकट्या दिरांनी त्यांचा जुना सेट दिला, आमच्या शेतात तूर निघाल्यावर मोकळ्या रानात मासेमारीचं जुनं जाळं बांधून मी सराव करत होते, पुण्याला गेले की मैदानावर खेळत होते. चेंडू हटकून उजवीकडे वळायचा. ज्यांच्याकडे मी शिकायला जात होते त्यांनी सांगितलं की बायकांची मनगटं कमजोर असतात, व्यायाम करा. केला. दंड भरून यायचा, करंगळी आखडायची, चेंडू उजवीकडेच.

तुम्ही मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावलीत. साडेसहा इंच. "सातच्या खाली हाय. तुम्हाला बारकी ग्रिप लागंल." मग डाव्या हातानं क्लब धरायला लावलात आणि मधलं बोट नि त्याच्या शेजारचं बोट तळव्यापाशी कुठवर येतं ते वाकून पाहिलंत. टोकं तळव्याला नुसती टेकली पाहिजेत. रुतली तर ग्रिप बारीक, फट राहिली तर जाड. माझ्या हातात चांगली बोटभर फट होती. एवढ्या जाड मुठीवर मनगट वेळेवर वळत नाही, क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, उघडं राहतं, चेंडू उजवीकडे पळतो. शिवाय निसटू नये म्हणून मी ती आवळून धरायची, तेच दंडात भरायचं. पुण्यात येरवड्याच्या मैदानावर आधी कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहत, आणि मग दुरुस्तीच्या खोलीत काढलेली तुमची वर्षं मला तेव्हा कळली.

पण मला सगळ्यात आठवतो तो पुढचा प्रसंग. ग्रिपवर तर नेहमीचंच माप होतं, मग इतकी जाड कशी? तुम्ही सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दांडा वाइसमध्ये अडकवलात, आकड्यासारखं वळलेलं पातं अंगापासून लांब ओढत ग्रिप उभी चिरलीत. आत कागदी टेप. एक थर काढला, खाली दुसरा, मग तिसरा, मग चौथा. दर थराला इंचाचा चौसष्टावा भाग वाढतो, असं तुम्ही सांगितलंत. चार थर म्हणजे एक सोळांश इंच, म्हणजे पुरतं एक माप मोठं. भाऊजींचा पंजा मोठा, त्यांनी आपल्या हातासाठी करून घेतलं होतं. त्यात त्यांची काही चूक नाही. ते टेपचे तुकडे फरशीवर पडले होते आणि मला तिथंच रडू आलं. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे केलात आणि म्हणालात, "माझी माय खुरप्याची मूठ सोता तासून घ्यायची. दुसरीचं खुरपं धरलं की सांजच्याला हात सुजायचा."

तुम्ही सगळा सेट त्याच दिवशी करून दिला असता तरी मी पैसे मोजले असते. तुम्ही एकच क्लब केलात. नव्या ग्रिपच्या तोंडाशी आतून लिहिलेला आतल्या व्यासाचा 60 हा आकडा दाखवलात, दांड्याचाही व्यास 0.60 इंच आहे ना हे मोजलंत. 58 ची ग्रिप 60 च्या दांड्यावर ताणून बसते आणि पुन्हा जाड होते, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. दुहेरी चिकटपट्टीचा एकच थर, वरच्या भोकात टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, खुपसून आत टर्पेंटाइन, ते हलवून पट्टीवर ओतलं, खाली परात, आणि एका दमात ग्रिप आत. मग ओली आहे तोवर क्लबच्या तोंडाशी ग्रिपवरची रेघ जुळवलीत. "आज हात लावायचा नाही. उद्यापासून आठ दिवस मारा, मग बोला."

आठ दिवसांत चेंडू सरळ जायला लागला असं मी म्हणणार नाही. अजूनही दहातले तीन-चार उजवीकडे जातात. पण दंड दुखत नाही, करंगळी मोकळी असते, आणि चेंडू लागल्याचा आवाज पहिल्यांदा हातात आला. मग उरलेले तुम्ही दोन रविवारांत करून दिलेत आणि पैसे फक्त ग्रिपचे घेतलेत. आमच्याकडच्या उन्हात डिकीत ठेवू नका, रबर लवकर कडक होतं, महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं धुवा, ही ताकीदही पाळतेय. बॅग आता ज्वारीच्या कणगीशेजारी सावलीत असते.

चिकटपट्टी संपली म्हणून पटर, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलायचा क्लब, राहिला होता. तो जाड असला तरी चालतो, तिथं मनगट हलूच नये, असं तुम्ही म्हणाला होतात. तरी तुमच्याच हातून व्हावा असं वाटतं. पट्टीचं रीळ पुण्याहून आणलंय. येत्या रविवारी ऊन चढायच्या आत येते. चहा या वेळी मी घेऊन येईन, तुमच्या नातीचा हातही मोजायचाय, ती माझा सात नंबर मागत होती.

तुमची,
बिडकीनच्या पंक्चरवाली ताई