सुप्याचं दार

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. फोनवर सांगायला गेले तर तू मीटिंगमधे असतोस आणि मी पण अर्धं विसरते, म्हणून आज दुपारी टाइप करत बसलेय, रात्री पोरगी झोपली की निवांत वाच.

रविवारी आमच्या भजनी मंडळाची ट्रिप झाली, अणशीला. पहाटे साडेपाचला टिळकवाडीतनं बस सुटली, पुशबॅकची मोठी बस, आम्ही पस्तीस जण, खानापूर सोडल्यावर उप्पीट-शिरा झाला. आधी एका दिवसात दोन नॅशनल पार्क करायचं ठरलेलं, अनमोड घाट उतरून गोव्यातलं मोले आणि तिथनं मागं येऊन अणशी, खरं लोंड्यापर्यंतच दोघीतिघींना गाडी लागली, लिंबू हुंगत बसल्या बिचाऱ्या, मग रामनगरात ड्रायव्हरच म्हणाला दोन्हीतलं एक काय ते ठरवा. मोले राहिलं. मला बरंच वाटलं बघ, धावतपळत जंगल बघून काय हाताला लागणार.

जोयड्याच्या पुढं रस्ता झाडीत शिरला तशी अंताक्षरी आपोआप थांबली. मार्चचं ऊन, खरं आत सावली एवढी की पदर अंगाभोवती गुंडाळून घेतला मी. गाईड म्हणून एक तिथलाच कुणबी पोरगा होता, घरात कोकणी, आमच्याशी मराठी आणि ड्रायव्हरशी कन्नड, तिन्ही एका दमात बोलायचा. त्याला सगळं पाठ. दांडेलीचं अभयारण्य 1956 चं, अणशी नॅशनल पार्क झालं 1987 ला, 2007 ला दोन्ही मिळून वाघांचं राखीव जंगल आणि 2015 पासून त्याला काळी नदीचं नाव. वाघ काही दिसला नाही, काळा बिबट्या पण नाही. शेकरू दिसलं, तांबूस, एवढी लांब झुपकेदार शेपटी, एका फांदीवरनं दुसरीवर अशी उडी मारली की सगळ्यांच्या तोंडातनं एकदम आवाज निघाला.

दुपारी जेवून मागं फिरलो आणि गणेशगुडीजवळ त्या गाईड पोरानं बस थांबवली. सहा सहा जणांना घेऊन गेला, चपला वाजवायच्या नाहीत, बोलायचं नाही. लांबनं एक जुनं झाड दाखवलं, खोडात उंचावर एक ढोली, आणि ढोलीचं तोंड लिंपून बंद केलेलं, फक्त एक उभी फट. आत धनेशाची मादी. ती स्वतःला आत कोंडून घेते, माती आणि विष्ठेनं दार लिंपते, आत तिची पिसं पण झडतात, आणि तेवढे सगळे दिवस नर बाहेरनं खायला आणून देतो. आम्ही वीसेक मिनिटं उभ्या होतो, माझे गुडघे बोलायला लागले, तेवढ्यात पंखांचा आवाज आला, वाफेच्या इंजिनासारखा भस्स भस्स. काळापांढरा मोठा पक्षी, पिवळट चोच. खोडाला चिकटून बसला, मान आत घेतली आणि गळ्यातनं एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकावर धरलं, फटीत दिलं. मग दुसरं. मग तिसरं. मी अकरा मोजली. शेजारी पाटील काकू होत्या, त्यांचे मिस्टर दोन वर्षं अंथरुणाला होते तुला माहीतच आहे, त्या एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त माझा हात घट्ट धरला होता.

आता खरं सांगायचं ते पुढंच. धरणाच्या वरच्या अंगाला बस थांबली, माइकवर सांगितलं, हे सुपा धरण, उंची 101 मीटर, इथं 100 मेगावॅट वीज होते, फोटोला दहा मिनिटं. त्या पोराचं काही चुकलं नाही, बरोबरच सांगितलं त्यानं. खरं बाळा, त्या पाण्याखाली माझं आजोळ आहे. तुला लहानपणी सांगायचे तेच सुपा, काळी आणि पांढरी, दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. मे महिन्यात आम्ही पोरं एक पाय काळीत आणि एक पाय पांढरीत ठेवून उभी राहायचो आणि आजी काठावरनं हाका मारायची. सगळ्या सेल्फी घेत होत्या, पाणी खाली गेलेलं, काठाला तांबड्या मातीचे पट्टे, मधे वाळलेल्या झाडांचे बुंधे, आणि मी नुसती बघत होते की घर कुठल्या बाजूला असेल. काही कळेना. एक डोंगर तेवढा ओळखीचा वाटला. एकीनं विचारलं, "ओ काकू, काय बघालाय एवढं?" मी म्हटलं आमचं घर. मग बसमधे सगळं सांगितलं मी त्यांना, माइक घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा माइक घेतला.

येताना चहाला रामनगरात थांबलो. सुप्यातनं उठवलेल्या लोकांना तिथंच वसवलं, मामाचं घर बसस्टँडपासून पाच मिनिटांवर, मी चहा सोडून गेले. मामाचा दादा जुनं घर पाडून स्लॅबचं बांधालाय. मागं गोठ्यात सुप्याचं दार उभं करून ठेवलंय, शेणाचे शिंतोडे उडालेलं. गाव सोडताना मामानं चौकटीसकट काढून लॉरीत घातलेलं तेच. डाव्या बाजूला, बसल्यावर डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, तेलकट काळा डाग आहे. आजी तिथं बसून तांदूळ निवडायची. इतकी वर्षं झाली, डाग तसाच. मी बोट लावून बघितलं, लाकूड तेवढ्याच जागी गुळगुळीत लागतंय.

दादा म्हणतो घेऊन जा नाहीतर सुताराला देतो, त्याची पण अडचण आहे, जागा नाही. आमच्या इथं जिन्यातनं वर चढणार नाही. तुझ्या नव्या फ्लॅटचं इंटिरियर अजून व्हायचंय म्हणून विचारते. फणसाचं लाकूड आहे, कीड नाही. पदरानंच माप घेतलं आणि घरी येऊन टेपवर मोजलं, चौकटीसकट उंची साडेपाच फूट, रुंदी तीन फूट एक इंच. हॉलमधे नाही तर आतल्या खोलीला बसेल का बघ, सूनबाईला पण विचार, तिला आवडलं तरच. पाडव्यापर्यंत थांबतो म्हणालाय. टेम्पोचं मी बघते. डाग तेवढा पॉलिशवाल्याला घासू देऊ नको.

तुझी
आई